गवत कापायचं यंत्र दारात येतं तेव्हा



श्रावण सरत आला की कोकणातल्या घराघरांत एका कामाची घाई सुरू होते. गवत! जूनपासून कोसळणाऱ्या पावसाने खळ्याच्या कडा, विहिरीची वाट, माडांचे बुंधे, गडग्याची सांद, सगळं हिरवंगार करून टाकलेलं असतं. दिसायला छान दिसतं, पण त्या कमरेएवढ्या गवतात फुरसं आहे की घोणस आहे, कुणी सांगावं? गणपती तोंडावर आलेले, मुंबई-पुण्याची मंडळी यायची, पोरंसोरं अंगणभर धावायची. तेव्हा बेणणी ही करावीच लागते.

पूर्वी चार बायका विळे घेऊन यायच्या आणि दोन दिवस बसून गवत काढायच्या. आता बायकाही मिळत नाहीत आणि तेवढा वेळही कुणाला नाही. आता एक माणूस खांद्याला पट्टा अडकवून यंत्र घेऊन येतो आणि दोन-तीन तासांत वाडी चकचकीत करून जातो. सगळे त्याला ‘ग्रास कटर’ म्हणतात, दुकानदार ‘ब्रश कटर’ म्हणतो. गावांतच कशाला, शहरांतल्या सोसायट्यांच्या आवारातही हेच यंत्र घरघरत असतं.

एका भगिनीने पत्रात विचारलं आहे, “तुम्ही स्वयंपाकघरातल्या मिक्सरबद्दल, इस्त्रीबद्दल लिहिता ते ठीक. पण गवत कापायचं यंत्र गडी आणतो, गडी चालवतो, गडी घेऊन जातो. त्यात आम्ही गृहिणींनी काय लक्ष घालायचं?”

प्रश्न रास्त आहे. पण असा विचार करून पाहा. यंत्र येतं सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. घरची पुरुषमाणसं तोवर कामावर गेलेली असतात. घरात असतो आपण, सासूबाई-मामंजी आणि एखादं लहान मूल. अंगणात कुठे काय पडलंय हे आपल्याला ठाऊक, मूल कुठल्या दारातून बाहेर पळेल हे आपल्याला ठाऊक, आणि मजुरीचे पैसेही बहुधा आपल्याच हातून जातात. मग लक्ष आपण नाही घालायचं तर कुणी?

विळा आणि यंत्र यांतला फरक

विळा किंवा कोयता हात थांबला की थांबतो. त्याचं भय असतं ते धरणाऱ्याच्या बोटांना. यंत्राचं तसं नाही. ते कापतं तसं फेकतंही. म्हणजे भय धरणाऱ्यापुरतं राहत नाही, ते अंगणभर पसरतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हिशेब मांडायची सवय आहे. तुम्हीही मांडून पाहा. पात्याचा व्यास २५ सेंटिमीटर धरा, आपल्या ताटाएवढा. त्याचा परीघ झाला साधारण ७८ सेंटिमीटर. असं पातं मिनिटाला ६,००० फेरे घेतं असं धरलं, आणि पुष्कळ यंत्रं याहूनही जास्त घेतात, तर पात्याची कड तासाला २८० किलोमीटरच्या वेगाने फिरते. कोकण रेल्वेवर धावणाऱ्या कुठल्याही गाडीच्या दुपटीहून जास्त! त्या कडेला जांभ्याचा सुपारीएवढा खडा लागला तर तो कुठे जाईल आणि कुणाला लागेल याचा नेम नाही.

म्हणूनच या यंत्रांवर आणि त्यांच्या पुस्तिकेत एक आकडा छापलेला असतो: १५ मीटर. चालवणाऱ्याखेरीज दुसरं कुणीही, माणूस असो की जनावर, १५ मीटरांच्या आत असू नये. आता १५ मीटर म्हणजे किती? साडेपाच मीटरच्या तीन साड्या लांबीला लांबी जोडल्या तर जेवढ्या होतील साधारण तेवढे. किंवा आपल्या चालीने पंचवीस पावलं. एकदा खळ्यात उभं राहून मोजून पाहा. ‘मूल ओटीवर आहे, काही होत नाही’ असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळ घरांची ओटी त्या पंचवीस पावलांच्या आतच असते.

तेव्हा यंत्र सुरू व्हायच्या आधी मुलांना मागच्या खोलीत न्यावे. त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात. गाय-म्हैस, कुत्रं दुसरीकडे बांधावं. स्कूटर, मोटार हलवावी. शेजारच्या वहिनींना गडग्यावरून हाक मारून सांगावं, “आमच्याकडे मशीन चालू होतंय हो, मुलांना आत घ्या.” एवढ्याने कुणी आपल्याला भित्रं म्हणणार नाही. आमच्या शाळेतही मैदानाचं गवत कापायचं ते रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशीच, मुलं आवारात असताना नाही.

आधी एक फेरी अंगणाची

यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, हातात काठी आणि पायात बूट घालून सगळ्या आवारातून एक फेरी मारावी. काठीने गवत हलवत, पाय जरा आपटत चालावं, म्हणजे एखादं जनावर असलंच तर वाट काढील. या फेरीत काय काय सापडतं ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल. जांभ्याचे तुकडे, फुटक्या कौलांच्या खापऱ्या, करवंट्या, बाटलीची काच, गंजलेला खिळा, कपडे वाळत घालायची तुटलेली दोरी, मांडवाला बांधलेली तार, मुलांचा हरवलेला चेंडू. दगड-काच उडते हे सर्वांना माहीत असतं, पण तारेचं आणि दोरीचंही भय तेवढंच. ती पात्याच्या बोंडाला गुंडाळते आणि तिचं मोकळं टोक चाबकासारखं फिरतं.

जे उचलता येतं ते उचलावं. जे उचलता येत नाही, म्हणजे तोडलेल्या झाडाचा खुंट, पाण्याचा नळ, जमिनीतून वर आलेला पाईप, त्याच्याशेजारी एक उंच काठी रोवून तिला लाल चिंधी बांधावी. गवतात लपलेला खुंट आपल्याला पाठ असतो, नव्या माणसाला नसतो.

गडग्याच्या सांदीत किंवा मेंदीच्या कुंपणात गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही पाहावं. यंत्राच्या थरथरीने त्या चवताळून उठतात, आणि खांद्याला यंत्र बांधलेल्या माणसाला पळताही येत नाही. पोळं दिसलं तर ती जागा सोडून द्यायला सांगावी.

आणखी एक. तुळशीवृंदावनाच्या भोवती, जास्वंद-अबोलीच्या ताटव्यात आणि दोन-तीन वर्षांच्या कलमांच्या बुंध्याशी यंत्र लावू देऊ नये. नायलॉनची दोरी मऊ दिसते, पण कोवळ्या झाडाची साल गोल सोलून काढते, आणि साल चहूबाजूंनी गेली की झाड हळूहळू मरतं. तेवढी वीतभर जागा विळ्यानेच काढावी.

दोरी की पातं?

हा प्रश्न गडी विचारतो, तेव्हा उत्तर आपल्याला ठाऊक असलेलं बरं. यंत्राच्या टोकाला नायलॉनची दोरी लावता येते, तशीच लोखंडी पाती. दोरीची कल्पना जुनी नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलास यांना १९७१ साली मोटार धुण्याच्या यंत्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून ती सुचली. त्यांनी एका रिकाम्या डब्याला भोकं पाडून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा यंत्राने फिरवून पाहिला. आपल्याकडे त्या दोरीला तंगूस म्हणतात. तीच ही दोरी, जरा जाड.

घराजवळच्या, भिंतीलगतच्या, साध्या गवताला दोरी पुरते. भिंतीला किंवा दगडाला लागली तर ती झिजते, पण यंत्र उलटं उसळत नाही. मात्र दोरी जमिनीलगत फिरते म्हणून माती-खडे तीही पुष्कळ उडवते. ‘दोरी आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. जाड झुडपं, रान माजलं असेल तरच लोखंडी पातं लावावं, आणि तेही घरापासून दूर.

काही जण दोरी लवकर संपते म्हणून तिच्या जागी लोखंडी तार किंवा साखळी बांधतात. हे मात्र बिलकुल चालू देऊ नये. तारेचा तुकडा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा जातो. तसंच पात्यावरचं झाकण, ज्याला सगळे गार्ड म्हणतात, ते गवत अडकतं म्हणून काढून ठेवायची पद्धत पडली आहे. ते झाकण म्हणजे चालवणाऱ्याचे पाय आणि उडणारे खडे यांच्यामध्ये असलेली एकुलती एक भिंत. झाकण नसेल तर काम सुरूच करू देऊ नये. “दादा, झाकण लावून या, मी थांबते,” एवढं म्हणायला काय हरकत आहे?

यंत्राची परीक्षा, आपल्या ओट्यावरून

यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही असं म्हणून आपण बाजूला होतो. पण गॅसची शेगडी नीट जळते की नाही हे जसं आपण ज्योतीवरून ओळखतो, तशा काही खुणा इथेही आहेत.

यंत्र सुरू झालं आणि त्याने बोटाखालचा खटका सोडला की इंजिन हळू फुरफुरत राहील, पण पातं फिरायचं थांबलं पाहिजे. खटका सोडूनही पातं फिरत राहत असेल तर ते यंत्र दुरुस्तीला जायला हवं.

चालवताना तो यंत्र कसं हलवतो ते पाहा. बहुतेक यंत्रांचं पातं चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. झाकणावर बाण असतो, त्यावरून ते कळतं. अशा यंत्राने उजवीकडून डावीकडे कापत जावं, म्हणजे कापलेलं गवत डावीकडे, झालेल्या जागेवर पडतं. पातं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. समोर १२, उजव्या हाताला ३. या बारा ते तीनच्या भागाला खुंट किंवा दगड लागला की यंत्र एकदम जोरात उसळतं आणि माणूस त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून कठीण काही असेल तिथे डाव्या भागानेच, बेताने कापावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ओलं गवत पात्याच्या बोंडाला गुंडाळून यंत्र अडखळतं, तेव्हा ते काढायला हात घालण्याआधी इंजिन पूर्ण बंद झालंच पाहिजे. ‘नुसतं हळू केलंय’ हे चालणार नाही. प्लगची टोपीही काढून ठेवावी. यंत्र बॅटरीवरचं असेल तर बॅटरी काढावी, विजेवरचं असेल तर आधी भिंतीवरची पिन उपसावी, मगच हात लावावा. बोटं जातात ती गवत कापताना क्वचित, अडकलेलं गवत काढताना जास्त.

डोळे आणि कान

आता एक हकीकत सांगते, मन घट्ट करून वाचा. आमच्या शाळेत एक मुलगी होती, तिचे वडील पावसाळ्यात बेणणीची कामं घ्यायचे आणि एरवी पाडेली होते. सरसर माडावर चढून नारळ पाडायचे. २०२३ च्या पावसाळ्यात गवत कापताना एक काडी त्यांच्या डोळ्याला लागली. जखम म्हणाल तर दिसतही नव्हती, नुसतं खुपत होतं. त्यांनी तसंच काम पुरं केलं, संध्याकाळी डोळा धुतला, दुसऱ्या दिवशी दुकानातून कसलेसे थेंब आणून घातले. दोन दिवस बरं वाटलं. आठवड्याने डोळा लालबुंद झाला आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बुरशी आत शिरली होती. पुढे महिनाभर औषधं चालली. डोळा राहिला, पण त्याने दिसतं ते धुक्यातल्यासारखं. एका डोळ्याने अंतराचा नीट अंदाज येत नाही, आणि माडाच्या शेंड्यावर हात-पाय टाकायचे ते अंदाजावरच. त्यांनी माडावर चढणं सोडलं. पाडेल्याची कमाई गेली, ती एका काडीने.

गवताची काडी, भाताचं पातं, झाडाची फांदी अशा हिरव्या वस्तूने बुबुळ खरचटलं तर त्यातून बुरशीचा रोग होतो, आपल्या दमट हवेत तर जास्तच. आणि दुकानातून मिळणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली तात्पुरती कमी होते, पण बुरशी आत जोमाने वाढते. म्हणून डोळ्याला गवत लागलं तर चोळू नये. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध असले उपाय करू नयेत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. काही रुतून बसलं असेल तर ते उपटू नये, डोळ्यावर दाब न देता वरून एक कागदी पेला पालथा धरून पट्टी लावावी आणि तडक दवाखाना गाठावा.

हे सगळं टाळायला लागतो एक चष्मा. आपला रोजचा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल नव्हे. कडेनेही बंद असलेला, कारखान्यात वापरतात तसला. हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो. त्यावर तोंड झाकणारी जाळीची ढाल असेल तर उत्तमच, पण नुसत्या जाळीतून बारीक कण आत येतात, म्हणून चष्मा हवाच. गडी म्हणेल, “वैनी, घामाने काच धुरकटते, दिसत नाय काय.” त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्यावर उपाय चष्मा काढणं हा नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी यंत्र बंद करून, काच पुसून, घोटभर पाणी पिऊन पुन्हा सुरुवात करणं हा आहे. त्याच्या हातांनाही ती विश्रांती हवी असते. यंत्राच्या थरथरीने बोटांना मुंग्या येतात, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की बोटं बधिर आणि पांढरी पडू लागतात.

कानांचंही तसंच. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तो आवाज कानांना घातक समजावा. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करते. तिच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, पण त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. असं करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! पेट्रोलवरच्या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी एवढा सहज होतो, आणि तो तर दिवसाचे पाच-सहा तास काम करतो. कानात कापसाचे बोळे घालून हे भागत नाही. कानांवर बसणारे मफ किंवा फोमची बोंडं हवीत. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

पेट्रोल आणि वीज

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती डोळ्यांना न दिसता जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या दिव्यावरही पेट घेते. म्हणून यंत्रात पेट्रोल भरायचं ते उघड्यावर, चूल, गॅस, देवघरातली समई, विडी-काडी यांपासून लांब. इंजिन गार झाल्यावरच भरायचं, आणि भरल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन मग यंत्र सुरू करायचं. चैत्र-वैशाखात वाळलेल्या गवतावर तापलेलं यंत्र ठेवू नये. आंब्याच्या बागेत वणवा लागायला एवढं पुरतं.

उरलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेलं मूल बाटली पाहिली की तोंडाला लावतं. तसं झालंच तर उलटी करवू नये. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात जातं आणि ते जास्त वाईट. मुलाला सरळ दवाखान्यात न्यावं.

शहरातल्या भगिनींकडे हिरवळ कापायचं विजेवरचं यंत्र किंवा कुंपण छाटायची विजेची कात्री असते. तिथे खरं भय वायरीचं. पाती वायर कापू शकतात आणि खाली असतं ओलं गवत. अशा वेळी मेन स्विचजवळचा एमसीबी आपल्याला वाचवील अशी पुष्कळांची समजूत असते. एमसीबी वाचवतो तो वायरीला, जास्त विजेपासून. माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं, ते म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वायरमनला विचारून तो बसवून घ्यावा. त्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. दाबताच वीज गेली पाहिजे. चिकटपट्टीचे जोड असलेली वायर बागेत नेऊ नये. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, पात्याच्या वाटेत नाही. वायर कापली गेलीच तर तिला हात न लावता आधी भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढावी. पाऊस पडून गेल्यावर गवत सुकेपर्यंत विजेचं यंत्र बाहेर काढूच नये.

ढकलायचं यंत्र उतारावर आडवं चालवावं, आणि आपल्या अंगाकडे ओढू नये. पाय घसरला तर तो सरळ पात्याखाली जातो. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे की ढकलायच्या यंत्राची मूठ सोडली की तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. नवं यंत्र घेताना दुकानदाराला हेच विचारावं, “मूठ सोडल्यावर पातं किती वेळात थांबतं? चालवून दाखवा.”

आपण स्वतः चालवायचं म्हटलं तर

अलीकडे पुष्कळ भगिनी हे यंत्र स्वतः चालवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. यंत्राचं वजन सात ते दहा किलोपर्यंत असतं, तेव्हा पट्टा आपल्या उंचीला बरोबर जुळवून घ्यावा, म्हणजे भार हातांवर न येता खांद्यावर आणि कमरेवर येतो. झटकन सोडता येणारी कडी कुठे आहे ते आधी पाहून, दोनदा सोडून बघावी. साडी, ओढणी, मोकळे केस यांना रजा. अंगभर पण घट्ट कपडे, पायात जाड तळाचे उंच बूट. मंगळसूत्र काढून ठेवावं किंवा नीट आत खोचून पिन लावावी. यात अशुभ काही नाही.

आणि मजुरीचं काय?

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हे गड्याला सांगितलं तर तो ऐकणार आहे का? मला वाटतं, न ऐकण्यामागे त्याचं एक कारण असतं, आणि ते आपल्याच हातात असतं. तो तासावर किंवा गुंठ्यावर पैसे घेतो. दिवसाला तीन घरं केली तर चूल पेटते. झाकण लावायचं, खडे वेचायचे, काच पुसायची, इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, यांतल्या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या खिशातून जातो. आपण नुसते नियम सांगितले तर तो हसून मान डोलावील आणि आपली पाठ वळली की चष्मा कपाळावर चढवील.

म्हणून काम ठरवतानाच सांगावं, “दादा, आधी अर्धा तास फेरी मारायची, मध्ये थांबून काच पुसायची. हा सगळा वेळ मजुरीत धरलाय. घाई करू नका.” यात आपले थोडे पैसे जास्त जातील. पण सणाला आपण चार जिन्नस जास्त करतो, त्यापुढे हे किती? चष्मा, कानांचे मफ आणि जाड हातमोजे घरचेच घेऊन ठेवावेत, जशी आल्यागेल्यासाठी एक छत्री खुंटीवर असते तसे. गडी बदलला तरी वस्तू राहतात. एका मैत्रिणीने पहिल्यांदा चष्मा पुढे केला तेव्हा गडी लाजला. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच विचारलं, “वैनी, तो चष्मा कुठाय?”

शेवटी, अपघात झालाच तर काय, हे कागदावर लिहून दाराच्या मागे लावून ठेवा:

१. यंत्र बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. हळद, कॉफी, चुना काही भरू नका.

२. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. ते जखमी माणसाबरोबरच पाठवा.

३. १०८ ला फोन करा. घराची खूण नीट सांगा, आणि एका माणसाला रस्त्यावर उभं करा.

४. लहान जखम असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

५. डोळ्याला काहीही लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

सणाचं अंगण स्वच्छ हवंच. पण ते स्वच्छ करणाराही संध्याकाळी आपल्या घरी दोन्ही डोळ्यांनी आपल्या लेकराकडे बघत जेवायला बसला पाहिजे, नाही का? तेवढं आपल्याला करता येतं, आणि त्याला फार काही लागतही नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात ओलसर झालेल्या कपाटांबद्दल आणि धान्याच्या डब्यांबद्दल बोलू. तोवर तुमचे अनुभव जरूर कळवा.